पारड्यातल्या चिठ्ठ्या

काटेमास्तरांसमोर 'जरा' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. गिऱ्हाईक बिचारं सहज म्हणायचं, "मास्तर, तराजू जरा हलका दाखवतोय हो." झालं! मास्तर चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, "जरा म्हणजे किती? चिमूटभर? पसाभर? की तुमच्या मनाला येईल तेवढं?" गिऱ्हाईक चांगलं ओशाळलं, की मगच तराजूला हात लावणार. छत्तीस वर्षं तराजू आणि वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस तो, त्याला अंदाजाची चीड असणारच. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, पण येईल त्याला उभ्या उभ्या असे धडे द्यायचे की मास्तर हे नाव कायमचं चिकटलं.

दोन खोल्यांचा संसार. पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब बाक, त्यावर कानशी, चिमटे, भिंग, तेलाची बाटली आणि वजनांची पोटं भरायला लागणारे शिशाचे छर्रे. मागच्या खोलीत खाट, शेगडी आणि गेलेल्या बायकोचा फोटो. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, काचेच्या पेटीत, मास्तरांचा स्वतःचा तराजू. इतका नाजूक की एका पारड्यात पापणीचा केस टाकला तरी दांडी मान हलवायची. त्या तराजूला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका गोदामातला मोठा जमिनीवरचा काटा उचलताना साखळी सुटली आणि मास्तरांची कंबर कामातून गेली. इस्पितळात पांढऱ्या लांबट गोळ्या दिल्या, दोन आठवडे घ्या म्हणाले. गोळी घेतली की कंबर थंड व्हायची, आणि कंबरच काय, सगळंच थंड व्हायचं: बायको गेल्यापासूनचं रिकामं घर, न बोलणारी भिंत, सगळं. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, दोन वर्षं झाली. दिवसाला दोन गोळ्यांच्या सहा झाल्या. कंबर कधीचीच बरी झाली होती, पण तिला तसं विचारायचं कुणी?

कुणी टोकलंच, तर मास्तरांची उत्तरं तयार. "दारुडा कसा असतो? झोकांड्या खातो. मी खातो का? नशेबाज कसा असतो? मिळेल ते, मिळेल तितकं तोंडात टाकतो. मी घड्याळ लावून घेतो. माझा हात बघा," असं म्हणून हात पुढे करायचे, आणि हात खरोखरच बाकासारखा स्थिर असायचा. गोळी पोटात असल्यावर असायचाच तो स्थिर. गोळीला उशीर झाला की कसा थरथरायचा, ते बघायला त्या वेळी दुकान उघडं नसे.

मग तो छर्ऱ्याचा प्रकार झाला.

मास्तरांची एकुलती एक मुलगी टपाल कचेरीत कामाला. बाळंतपणाची रजा संपल्यावर दुपारी लेकीला आजोबांकडे ठेवून जायची. नात सात महिन्यांची, गुबगुबीत, सगळ्या जगावर खूश. मास्तर तिला ढबू म्हणायचे. ढबूला मांडीवर घेऊन ते वजनांची नावं शिकवायचे आणि ती त्यांचा चष्मा ओढायची. दुपारभर दोघांच्या गप्पा चालायच्या. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मुलगी लवकर आली. बघते तर बाप बाकावर डोकं टाकून गाढ झोपलेला आणि ढबू बाकाखाली बसलेली, मुठीत शिशाचे छर्रे. एक तोंडात.

तिने बोट घालून तो काढला. मग बापाला हलवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात, तेव्हा कुठे मास्तरांनी डोळे उघडले.

"डोळा लागला गं," मास्तर म्हणाले. "दुपारच्याला कुणाचा लागत नाही?"

मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मास्तर पुरून उरले असते. ती ओरडली नाही. तिने पोरीची झबली पिशवीत भरली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या गोळ्या सुटेपर्यंत ही इथे येणार नाही. आणि सुटल्या असं तुम्ही म्हणून चालणार नाही. मला दिसायला हवं."

"अगं, बापावर विश्वास नाही तुझा?"

"नाही," मुलगी म्हणाली आणि गेली.

तो 'नाही' मास्तरांना फार झोंबला. संध्याकाळभर ते भिंतीशी भांडले. भिंत ऐकून घेत होती. शेवटी, दाखवतोच हिला, असं म्हणून दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. बरं व्हायला गेले असं मी म्हणणार नाही. जिंकायला गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरायचं. गोळी मोडून घ्या. दर आठवड्याला जरा कमी.

"जरा?" मास्तर खुर्चीतच ताठ झाले. "बाई, मी तराजूवाला आहे. गोळी मोडली की एक तुकडा मोठा होतो, एक लहान. मी पूड करीन आणि वजन करून घेईन. दर आठवड्याला एका गोळीचा तिसरा हिस्सा कमी, ना केसभर जास्त, ना केसभर उणं. बारा आठवड्यांत सहावरून दोनवर येतो की नाही बघा."

बाई हसल्या. "इतका काटेकोर रुग्ण मला आजवर भेटला नाही," म्हणाल्या. पण त्यांनी एक विचारलंच, "घरात दुसरं कुणी नाही का, मोजून द्यायला?"

"मोजायला? मला?" मास्तरांनी असा काही चेहरा केला की बाईंनी विषय सोडला.

आणि मास्तर कामाला लागले हो! वही आणली, रेघा मारल्या. खलबत्ता वेगळा काढला. पहिल्या सोमवारी सकाळी पूड केली, जुन्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्याचा एक चौकोनी तुकडा कापला, त्यावर 'आठवडा पहिला, पाच पूर्ण दोन तृतीयांश' असं सुबक अक्षरात लिहिलं. पंखा चालू होता. चिठ्ठी उडायला नको म्हणून त्यांनी ती पेटीतल्या तराजूच्या उजव्या पारड्यात ठेवली आणि वर वजनं ठेवली. डाव्या पारड्यात पूड. दांडी सरळ झाली. त्या पुडीचे चार भाग केले आणि दिवसभरात घेतले.

आता तराजूचं ज्यांना काही कळत नाही त्यांनाही कळेल, की ज्या पारड्यात वजनं असतात त्यात पुठ्ठा ठेवला तर समोर तेवढा माल जास्त पडतो. बाजारातलं शेंबडं पोर सांगेल. मास्तरांनी ह्याच गोष्टीवरून किती दुकानदारांची बिनपाण्याने केली होती! एका औषधवाल्या बाईंच्या तराजूच्या पारड्यात कागदाची घडी सापडली, तेव्हा तर भर दुकानात म्हणाले होते, "बाई, मलमं घोटण्याऐवजी पत्ते पिसा."

दुसऱ्या सोमवारी दुसरी चिठ्ठी झाली. पहिली काढून टाकावी की नाही? राहू दे, मास्तर म्हणाले, क्रम दिसतो. दुसरी पहिलीवर ठेवली. तिसरी तिच्यावर. गिऱ्हाइकाचा तराजू हातात आला की मास्तर आधी दोन्ही पारडी रिकामी करून दांडी सरळ राहते का ते बघायचे, त्याशिवाय पुढे जायचेच नाहीत. स्वतःच्या तराजूचं मात्र, माझाच तर आहे, त्याला काय धाड भरलीय!

चौथ्या आठवड्यात एकदा झालं असं, की पेटी पुसताना त्यांनी चिमट्याने वजनांखालून तो चिठ्ठ्यांचा गठ्ठा तेवढा ओढून काढला. पूड दुसऱ्या पारड्यात होतीच. दांडी पुडीकडे कलायला लागली. मास्तरांनी गठ्ठा लगेच परत वजनांखाली ठेवला, अगदी होता तसाच, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "उगाच क्रम बिघडायचा," असं मोठ्याने म्हणाले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग ते कुणाला सांगत होते? हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही. पडू दिला नाही, असं म्हणायला हवं.

दर आठवड्याला वही घेऊन स्वारी दवाखान्यात हजर. बाई विचारायच्या, घाम येतो? हातपाय ओढतात? झोप उडते? चिडचिड?

"छे!" मास्तर छाती पुढे काढून म्हणायचे. "काही नाही. ढिम्म."

"काहीच नाही?"

"माणसामाणसात फरक असतो, बाई. तुमच्याकडे येतात ती मऊ माणसं. आपलं काम वेगळं आहे. एकदा मनात आणलं की संपलं."

बाई पेन दातांत धरून वहीकडे बघायच्या आणि मग मास्तरांकडे. गोळ्या लिहून द्यायच्या त्या वहीप्रमाणे. त्या पुरायच्या नाहीत. मग मास्तर पलीकडच्या पेठेत जायचे, इस्पितळाची जुनी चिठ्ठी दाखवून आणखी एक पाकीट घ्यायचे. कुटताना वाया जातं ना बरंच, खलाला चिकटतं. हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की खलाकडे बघताना त्यांना तो खरोखर पांढरा दिसायचा. बाईंना हे सांगितलं नाही, कारण बाईंना खलबत्त्यातलं काय कळतंय!

मुलगी रविवारी येत होती, एकटीच. ती वही वाचायची. आधी संशयाने, भुवया वर करून. मग सातव्या-आठव्या आठवड्यात तिने एका पानावरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच त्रास होत नाही?"

"तुझ्या बापाचं मन लोखंडाचं आहे."

ती हसली. दोन वर्षांत ती ह्या खोलीत हसली नव्हती. ते हसू बघून नातीसाठी मास्तरांचा जीव इतका तुटला की त्यांनी मागच्या खोलीत जाऊन पुडीचा चौथा भाग तासभर आधीच घेतला. त्या दिवसापुरतं.

बारावा आठवडा आला. वहीत दोन गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी शेरा लिहिला, 'प्रगती चांगली', आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढून खोडलं. मुलीने तो शेरा वाचला. गोळ्या पुरत्या सुटल्या नव्हत्या, पण तिकडे ढबूला सांभाळणारी बाई काम सोडून चालली होती, आणि मुलीला कचेरीतून आता एक दिवसाची सुट्टी मिळायची मारामार. शुक्रवारी तिने फोन केला, "बाबा, सोमवारी दुपारी चार वाजता हिला घेऊन येते. मंगळवारपासून रोज तुमच्याकडे."

मास्तरांनी छर्रे कुलपात घातले, बाकाखालची जमीन दोनदा पुसली आणि स्वतःला आरशात बघून म्हणाले, "कोण म्हणत होतं नाही म्हणून?"

सोमवारी दुपारी औषधवाल्या बाई आपला दुरुस्त झालेला तराजू न्यायला आल्या, त्याच त्या पत्ते पिसणाऱ्या. मास्तर आज भलतेच खुशीत. बाई पैसे काढता काढता कोपऱ्यातल्या पेटीपाशी थबकल्या. वाकून बघायला लागल्या. मग असं काही हसल्या की बाकावरची भिंगं वाजली.

"अहो मास्तर! तुमच्याच पारड्यात कागद? आणि एक नाही, गठ्ठाच्या गठ्ठा! मला काय काय बोलला होतात, आठवतंय का? आता तुम्ही पिसा पत्ते!"

"तो वापरातला तराजू नाही," मास्तर म्हणाले.

"मग डाव्या पारड्यात ही पांढरी पूड कसली?"

"चुना आहे. तुमचा तराजू घ्या आणि निघा."

बाई हसत हसतच गेल्या. त्यांना काय माहीत, त्यांनी काय केलं ते. मास्तरांनी दार लोटलं आणि त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. ही कोण शहाणी! छत्तीस वर्षं! मला शिकवते! दहा मिनिटं त्यांनी तिचा असा उद्धार केला की विचारू नका. पण रागावताना ते पेटीकडे पाठ करून उभे होते, आणि आपण पाठ करून उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

वळले. काच वर केली. उजव्या पारड्यातली वजनं काढली, डाव्यातली पूड काढली. बारा चिठ्ठ्या तेवढ्या ठेवल्या. मग नवीन पाकीट फोडून डाव्या पारड्यात अख्ख्या गोळ्या टाकायला लागले. एक. दोन. तीन. चार. दांडी अजून चिठ्ठ्यांकडेच झुकलेली. चिमट्याने पाव तुकडा टाकला, तेव्हा कुठे सरळ झाली.

सव्वाचार. वहीतल्या दोन आणि ह्या सव्वाचार. सव्वासहा.

बारा आठवडे, दवाखान्याच्या बारा फेऱ्या, पुरी वही भरली, लोखंडाचं मन वगैरे सगळं झालं, आणि गोळ्या पाव जास्तच. कमी केल्याची प्रत्येक चिठ्ठी तेवढंच परत वाढवत होती, आणि ती कुणी दुसऱ्याने ठेवली नव्हती. 'मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायला मास्तरांनी तोंडही उघडलं. पण चौथ्या आठवड्यातली ती कलणारी दांडी डोळ्यांपुढे आली आणि तोंड मिटलं.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आता डोकं पळायला लागलं. केवढं पळालं म्हणून सांगू! चूक झाली, हे खरं. पण चूक म्हणजे खोटेपणा नव्हे. आता चिठ्ठ्या काढल्या ना? उद्यापासून नीट करू. पोरीला आज सांगून काय साधणार आहे? तिची नोकरी जाईल. सांभाळणारी बाई तर चाललीच. म्हणजे न सांगण्यातच तिचं भलं आहे. आणि छर्रे कुलपात आहेत. आणि ढबू आता मोठी झाली, वर्षाची होत आली. आणि एक भाग आत्ताच घेतला तर चार वाजेपर्यंत हात कसा स्थिर, चेहरा कसा शांत...

त्यांचा हात पुडीपर्यंत गेला होता. तो हात बघून मास्तर इतके संतापले, इतके, की त्यांनी सगळी पूड खिडकीतून बाहेर गटारात उडवली आणि ओरडले, "बास! बास कर की आता, भामट्या!" रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने दचकून वर बघितलं. "तुम्हाला नाही," मास्तर त्याच्यावरही खेकसले.

चारला पाच कमी असताना दार ढकलून मुलगी आली. कडेवर ढबू, खांद्याला झबल्यांची पिशवी. आजोबांना बघताच ढबूने दोन्ही हात पसरले. दोन नवे दात आले होते.

"घ्या," मुलगी म्हणाली, आणि पोरीला पुढे केलं.

मास्तरांनी हात पाठीमागे नेले. तिथे ते एकमेकांत घट्ट अडकवले.

"नको देऊस."

"म्हणजे?"

"वही खोटी आहे." आवाज चिरकला, म्हणून त्यांनी तो आणखी चढवला. "तीन महिन्यांत एक गोळी कमी नाही केली मी. पाव वाढवली. पेटीत बघ, चिठ्ठ्या आहेत. मीच ठेवल्या होत्या पारड्यात. मला कळत होतं आणि मी कळू देत नव्हतो. झालं? आता काय ओरडायचं ते ओरड."

मुलीने पेटीकडे पाहिलं. एका पारड्यात गोळ्या, एकात बापाचं सुबक अक्षर. टपालातली मुलगी ती, वजनातलं तिलाही कळत होतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी साहेबांना सांगून आले, सोय झाली म्हणून," ती म्हणाली. "बाबा, मी तुमच्यावर विश्वास ठेवला हो. ह्या वेळी खरंच ठेवला."

"म्हणूनच सांगतोय."

"नसतं सांगितलंत तर मला कळलंसुद्धा नसतं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ढबूने आईच्या गालाला हात लावला, ओला हात बघितला आणि पुन्हा आजोबांकडे झेप घेतली. मास्तर एक पाऊल मागे सरले. पाठ बाकाला लागली.

"ऐक," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना फोन लाव. आत्ता, माझ्यादेखत. त्यांना सांग, मोजायचं काम ह्या माणसाकडे ठेवू नका. दवाखान्यात बसवून त्यांनी रोजच्या रोज हातावर द्यावी. पलीकडच्या पेठेतल्या दुकानाचंही सांग. मी नाव सांगतो. आणि हे पाकीट जाताना घेऊन जा."

मुलीने फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं, दुकानाचं नावही. पलीकडून बाई बराच वेळ बोलत होत्या. मास्तर हात मागे धरून उभेच होते. कपाळावर घामाचे थेंब जमायला लागले होते आणि ढबू "आबा, आबा" करत त्यांच्या दिशेने सारखी वाकत होती.

मुलीने फोन ठेवला, उद्या सकाळपासून दवाखान्यात बोलावलंय म्हणाली. डोळे पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, "पाच मिनिटं घ्या तिला, बाबा. मी इथेच उभी आहे ना. पाच मिनिटांनी काय होतंय?"

"नको."

"का?"

"कारण आत्ता, तू बोलत असताना, माझ्या डोक्यात एक कारण तयार झालंय," मास्तर म्हणाले. "उद्यापासूनचं सगळं एका आठवड्याने पुढे ढकलायचं कारण. एकदम चांगलं आहे. तुला पटेल. बाईंनाही पटेल. मला तर पटलंच आहे." त्यांनी मान दाराकडे केली. "म्हणून सांगतो, मी ते बोलायच्या आत हिला घेऊन जा. पळ!"